चुकीसाठी सोडलेली जागा

छत्री त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. काळी, लांब दांड्याची, मुठीला सुतळी गुंडाळलेली ती छत्री ऊन असो की पाऊस, मिटलेलीच असायची. पावसात ते डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधायचे आणि छत्री काखेत धरायचे. एकदा धीर करून मी कारण विचारलं. म्हणाले, "उघडली की हात अडकतो, बाय. मग खुणा कशा करू?"

खुणा म्हणजे काय, ते मला कामाच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पेडणे तालुक्यातलं आमचं गाव किनाऱ्यावर आहे. गाव म्हणायला मोठं, शहर म्हणायला लहान. जुन्या इमारतींसमोर माहितीचे फलक लावायचे असं पंचायतीने ठरवलं. जुनी शाळा, जकातीची चौकी, धक्क्यावरची धर्मशाळा, असे डझनभर फलक. मजकूर मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत. इंग्रजीसाठी मला घेतलं. मी इंग्रजी शाळेत शिकले होते, कॉलेजात इतिहास घेतला होता, आणि मी कुणाशी वाद घालणार नाही हे सरपंचांना माझ्याकडे बघूनच कळलं असावं. बाकी सगळं त्या छत्रीवाल्यांकडे होतं. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सगळे त्यांना भाई म्हणायचे. पेडण्यात अर्ध्या पुरुषांना भाई म्हणतात, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला भर दुपारी जुन्या शाळेसमोर उभं केलं. एप्रिल महिना होता. मी लिहून आणलेला कागद माझ्या हातात. ते पाठ फिरवून रस्त्याने चालू लागले. चाळीस पावलं मोजली, वळले, आणि ओरडले, "वाच!"

मी वाचलं. मिटलेली छत्री वर गेली. पुन्हा वाचलं. पुन्हा छत्री वर. छत्री वर म्हणजे ऐकू येत नाही. पाववाला पोदेर सायकल थांबवून बघत होता. दोन स्कूटरवाले थांबले. मला शाळेच्या भिंतीत शिरून जावंसं वाटलं. शाळेत असताना मी वर्गातसुद्धा उत्तर येत असून हात वर करायची नाही. चौथ्या वेळी छत्री खाली राहिली, तोपर्यंत माझा आवाज चिरकला होता आणि अर्धा मजकूर मलाच नकोसा झाला होता.

"बघ," जवळ येऊन ते म्हणाले, "फलक वाचणारा मनुष्य उन्हात उभा असतो. पायाला चटके बसतात, बायको गाडीत बसून हॉर्न वाजवते. तेवढ्यात जे वाचून होईल तेवढंच लिहायचं. बाकीचं पुस्तकात घाल."

"पण मोठ्याने कशाला? लोक मनातच वाचणार ना?"

"ज्याला वाचता येतं तो. ज्याला येत नाही त्याला इतिहास नसतो काय? तो ऐकतो आणि चूक सांगतो. सगळ्यात जास्त चुका मला न वाचणाऱ्यांनीच सांगितल्यात."

मग त्यांनी माझा कागद घेतला आणि खिशातल्या पेन्सिलने तीन शब्दांवर रेघ मारली. "प्राचीन म्हणजे तुला साल माहीत नाही. भव्य म्हणजे तू मोजलं नाहीस. आणि सुंदर ते बघतीलच की. आंधळे थोडेच आहेत?"

रेघ मारलेले शब्द मात्र खाली दिसत राहायचे. खोडरबर त्यांच्याकडे नव्हता. मोजणी खात्याच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, असं ते सांगायचे. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, आणि शेजारी सही. "पुसलं की संशय येतो. रेघ मारली की विश्वास बसतो." नोकरी संपली तरी ही सवय संपली नव्हती. किराणा दुकानाच्या यादीतसुद्धा ते चूक झाली की रेघ मारून सही करायचे.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हे लिहायलाच हवं. पोस्टाच्या जुन्या इमारतीला पायऱ्या पाच म्हणायच्या की सहा, कारण सहावी रस्त्याच्या डांबरात गेली होती, यावर त्यांनी समितीची एक अख्खी बैठक खाल्ली. फलकाकडे पाठ करून फोटो काढणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी दरडावलं होतं. एका पंचाने फलकाऐवजी फोनवर वाचायचा चौकोनी कोड लावा असं सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, "लावा की. आणि खाली लिहा, नेटवर्क आल्यावर इतिहास सांगण्यात येईल." तो पंच त्यांच्याशी बरेच दिवस बोलला नाही.

इमारतींशी मात्र ते फार अदबीने वागायचे. निघताना भिंतीवर हात ठेवून "येतंय गो" म्हणायचे. भिंतीला खिळा मारायला त्यांची सक्त मनाई. "दुसऱ्याच्या अंगाला भोक पाडून त्याची माहिती काय सांगायची?" म्हणून प्रत्येक फलक दोन लोखंडी खांबांवर, इमारतीपासून जरा अंतरावर. खांबांसाठी खड्डे खणायच्या आधी ते नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देवळात मानकरी घालतात तसंच, खणखणीत आवाजात.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जाग्यार आमी दोन खड्डे मारतोंव..."

खड्डे मारणारे दोघं कामगार फावडी बाजूला ठेवून ओरडायचे, "व्हय म्हाराजा!"

"ह्यां घर जेंनी बांदलां, तेंका आमी बगलेले नाय. लिवताना कांय चुकलां माकलां आसात, तर सांबाळून घे, आनी बरोबर काय तां आमका कळय..."

"व्हय म्हाराजा!"

पहिल्यांदा मी हसू दाबलं होतं. दुसऱ्यांदा माझ्याही तोंडून हळूच "व्हय म्हाराजा" निघालं. भाईंनी माझ्याकडे न बघता छत्री वर केली.

आणखी एक गोष्ट होती, जिच्यावरून फलक बनवणारा नेहमी हसायचा. खांबांवर मुख्य फलकाच्या खाली वीतभर जागा रिकामी ठेवायची, आणि तिथे आधीच चार भोकं पाडून ठेवायची. "ती चुकीची जागा," भाई म्हणायचे. "चूक होणारच. तिला बसायला पाट नको?" दोन फलकांखाली ती जागा छोट्या पट्टीने भरलीही होती. जकातीच्या चौकीखाली लिहिलं होतं की वर दिलेली दिशा चुकली आहे, समुद्र पश्चिमेला आहे, आणि शेजारी त्यांचं पूर्ण नाव. पंचायतीत सगळे त्यावर हसले होते. तेही हसले होते, पण पट्टी काढू दिली नव्हती.

चहाचा नियम मला सगळ्यात विचित्र वाटायचा. ज्या घराची माहिती घ्यायला जायचं, तिथे चहा प्यायचा नाही. प्यालोच, तर त्या दिवशी त्या घराबद्दल एक ओळ लिहायची नाही. "रात्र जाऊ दे मध्ये. चहा पोटात असेपर्यंत पेन त्यांचंच ऐकतं." गोव्यात कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. लोक रागवायचे. भाई बाहेरच्या कट्ट्यावर बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि घरच्यांना सांगायचे, "वयनी, उद्या येतो चहाला. आज तुमच्या सासऱ्यांची चौकशी करतोय."

धर्मशाळेची पाळी आली तेव्हा भाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवं फडकं, घराबाहेर पडायची बंदी. ते म्हणाले, "हा फलक तू कर. मी तुझ्यावरून मराठी, कोंकणी करतो." मला त्याचा अभिमान वाटला. आता वाटतो त्यापेक्षा जास्त.

धर्मशाळा धक्क्यावर आहे. पूर्वी होडी चुकली की लोक तिथे रात्र काढत. मधली इमारत गुळगुळीत गिलाव्याची, आणि पुढे चिऱ्यांची उघडी ओसरी. ओसरीला तीन बाजूंनी सोपे, म्हणजे बसायचे बांधीव कट्टे. उजव्या कोपऱ्यात मात्र एक कट्टा भलताच उंच, माझ्या खांद्याला लागेल एवढा. त्याच्याखाली एक भाजीवाली मावशी बसायची. तांबडी भाजी, अळसांदे, दिवस असले तर आंबाडे. ऐंशीच्या आसपास वय. तिचे वडील सिंधुदुर्गातून चिरे फोडायच्या कामाला आले आणि इथलेच झाले, एवढं मला माहीत होतं. त्यापुढे मी तिला काही विचारलं नव्हतं. भाजी घेताना मी बोट दाखवायची, ती जुडी द्यायची.

मी गेले ती धर्मशाळा बांधणाऱ्या व्यापारी घराण्याकडे. त्यांच्या घरच्या आंटी माझ्याशी सुंदर इंग्रजीत बोलल्या. गावात माझ्याशी कुणी तसं बोलत नाही. मी इंग्रजीत बोलले तर शिष्ट, मराठीत बोलले तर अडखळते. आंटींकडे मी सलग बोलले. त्यांनी चहा आणला. मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहाबरोबर गरम आले-बेले होते, गूळखोबऱ्याचं सारण भरलेले. त्यांच्या आजेसासऱ्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि ओसरी बांधली, आंटी सांगत होत्या, आणि तो उंच कट्टा दिव्यांसाठी होता, होडीने येणाऱ्यांना लांबून उजेड दिसावा म्हणून. किती छान, मी म्हटलं. घरी येऊन त्याच संध्याकाळी लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धर्मशाळेसमोर गेले. एकटीच. चाळीस पावलांवर कुणी उभं नव्हतं. मी कागद छातीशी धरून पुटपुटत वाचला, इंग्रजीत, आणि परत आले. भाईंनी फोनवर विचारलं, "वाचलंस?" मी म्हटलं, "हो." ते खोटं नव्हतं.

फलक लागला. पावसाळा आला, गेला. मग एका सकाळी मुलांची सहल आली आणि त्यांच्या बाईंनी फलकावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवलं. हे मला नंतर कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवसापासून मावशी ओसरीत नव्हती. रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, गटाराच्या फरशीवर गोणपाट टाकून बसली होती.

भाई रविवारी फलक पुसायला यायचे, ओलं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन. डोळा बरा झाला होता. त्यांनी आधी रिकामा कोपरा पाहिला, मग रस्त्यापलीकडे. मी त्यांच्याबरोबर होते.

"गो मावशे, हंयसर कित्याक?"

मावशीने भाजीवर पाणी शिंपडलं. "तुमच्या पाटयेर दिवो पेटयलोहा मगे. दिव्यामुळात बसून डोळे दिपतत."

"सरळ सांग."

"सरळ सांगू? तो कट्टो माझ्या बापाशीन बांदलो. वसरी सगळी तेनी आनी तेच्या सांगात्यांनी बांदली. आमका भितर कोण घेय? होडी चुकली काय आमी भायर, पावसात. म्हणान सुट्टेच्या दिसा, खाणीतले टाकून दिलेले चिरे आणून बांदली. तुमच्या पाटयेर माझो बापूस नाय. मगे मी थंय कित्याक बसू?"

मी फलकाच्या खांबाकडे बघत होते. भाई माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता.

"चहा प्यालीस?"

"हो."

"बरोबर काय होतं?"

"आले-बेले."

त्यांनी सुस्कारा सोडला. "त्यांच्या घरचे आले-बेले? मग मीसुद्धा लिहिलं असतं." पुढे म्हणाले, "डोळा माझा बांधलेला, चहा तुझा. पण वाचलंस ना तू? मावशी इथेच होती. तिने कसं ऐकलं नाही?"

मी खांबांवरची रिकामी भोकं बघू लागले. त्यांनी परत विचारलं नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि आलं आहे हे माझ्याही लक्षात आलं होतं.

पण मावशीचं म्हणणंसुद्धा त्यांनी तसंच घेतलं नाही. "तू सांगतेस म्हणून लिहिणार नाय. दाखय," ते तिला म्हणाले. मावशीने भाजीची टोपली डोक्यावर घेतली, रस्ता ओलांडला, त्या उंच कट्ट्याशी उभी राहिली आणि मान जराशी कलवली. टोपली आपोआप कट्ट्यावर सरकली. कुणाचा हात लागला नाही. डोक्यावरचं जड ओझं एकट्या बाईला उतरवता येत नाही, दुसरं कुणीतरी लागतं. तिथे लागत नव्हतं. दाखवून झालं तशी तिने टोपली परत डोक्यावर ओढून घेतली आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसली.

भाईंनी टेप काढली. कट्ट्याची उंची मोजली, मग माझा खांदा मोजला. कट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं. कड गुळगुळीत झिजली होती. ओसरीचे चिरे मोजले, सगळे वेगवेगळ्या मापांचे, काहींचे कोपरे उडालेले. मधल्या इमारतीत एकही तसा नव्हता. मग त्यांनी धक्क्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं गाठून ओसरी कुणी बांधली ते विचारलं. दोघांनी एकच नाव सांगितलं.

त्यानंतर ते मला घेऊन आंटींकडे गेले. आंटींनी चहाचं विचारलं. "आज नको, वयनी. आज घराबद्दल बोलायचंय." आंटींचा चेहरा उतरला. भाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी इतकंच विचारलं, "दर्यावरचा वारा थेट ज्या कोपऱ्यावर येतो, तिथे दिवा कोण ठेवील? आणि ठेवलाच, तर काजळी कुठाय?"

"मला सासूबाईंनी असंच सांगितलं होतं," आंटी म्हणाल्या. या वेळी मराठीत. "मग आमचं काय राहिलं?"

"मधली इमारत तुमची. जागा तुमची. ते वर लिहिलंय, ते तसंच राहणार. मी काही पुसत नाही, वयनी. खाली जागा आहे."

पंचायतीत मी म्हटलं, जुना फलक काढू, नवा करू. पंचही तेच म्हणाले. गावाची शोभा नको. मला शोभेचं काही नव्हतं. खालच्या पट्टीवर माझं नाव येणार होतं, ते मला नको होतं. भाई म्हणाले, "नवा लावला तर लोकांना वाटेल आम्ही पहिल्यापासून खरंच बोलत होतो." मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, "नाव माझं घालू काय? माझी दोन आहेतच. तिसऱ्याने काय फरक पडत नाही."

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला बरं वाटेल. खरं म्हणजे मी तिथेच नाही म्हटलं, आणि मलाच आश्चर्य वाटलं.

पट्टी बसवली त्या दिवशी पुन्हा नारळ ठेवला, पुन्हा गाऱ्हाणं झालं. "चुकलां तां कळयलंस, म्हाराजा," भाई म्हणाले, आणि कामगारांच्या आधी माझा "व्हय म्हाराजा" आला. मग ते चालू लागले. चाळीस पावलं मोजायची गरज नव्हती. ते रस्ता ओलांडून मावशीच्या शेजारी जाऊन उभे राहिले, भर उन्हात, मिटलेली छत्री हातात.

मी मराठी वाचायला घेतलं. "वरच्या फलकात चूक आहे." छत्री वर गेली. मध्ये एक मासळीचा टेंपो उभा होता, इंजिन चालू. मी पुन्हा वाचलं. छत्री पुन्हा वर. टेंपोवाल्याने काच खाली करून बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"वरच्या फलकात चूक आहे. ही ओसरी धर्मशाळेबरोबर बांधलेली नाही. ज्यांना आत घेत नसत, त्यांच्यासाठी ती चिरे फोडणाऱ्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी बांधली. उंच कट्टा दिव्यांसाठी नाही. डोक्यावरचं ओझं एकट्या माणसाला उतरवता यावं, म्हणून तो आहे." मग मी मावशीच्या वडिलांचं नाव वाचलं, आडनावासकट. त्याखाली चूक करणारीचं नाव होतं. तेही वाचलं.

छत्री खालीच होती.

मावशी उठली. गोणपाट झटकलं, घडी घालून टोपलीत टाकलं, टोपली डोक्यावर चढवायला भाईंनी हात लावला. ती रस्ता ओलांडून आली, मान कलवली, आणि टोपली कट्ट्यावर सरकली. मग ती खाली तिच्या जागी बसली आणि जुड्या मांडू लागली. बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

भाई आता फोंड्याला मुलीकडे राहतात. फोन करतात तेव्हा तक्रार करतात की तिथल्या देवळांच्या पाट्या वाचून रक्तदाब वाढतो. सगळंच प्राचीन, सगळंच भव्य. मग विचारतात, नवा फलक कुठला, कुणी ऐकला. छत्री ते माझ्यासाठी ठेवून गेले. मीही ती उघडत नाही.

त्या दिवशी मी कागद घडी करून निघाले होते, तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला.

"गो चेडवा. माझ्या बापाशीचां नांव आनी एक फावट वाच. टेंपोवालो मगाशी आयकूक नाय."

टेंपो केव्हाच निघून गेला होता. मी वळले आणि पुन्हा वाचलं.